ऑप्टोमेट्रिस्टचे अधिकार वाढवावेत का? आधी हेलपाटे मोजा

प्रश्न असा आला आहे: "मी ऑप्टोमेट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काही देशांत ऑप्टोमेट्रिस्ट औषधं लिहून देतात, काचबिंदूचे पेशंट सांभाळतात, कुठे कुठे लेसरही करतात. असे अधिकार सगळीकडे मिळाले तर डोळ्यांची सेवा खरंच लोकांच्या जवळ येईल का? की नेत्रतज्ज्ञ म्हणतात तसा हा पेशंटच्या डोळ्यांशी खेळ आहे?"

येईल. पण ज्या अधिकारावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात त्यानं सगळ्यात कमी जवळ येईल, आणि ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही त्यानं सगळ्यात जास्त. हे जरा विस्तारानं सांगते.

मी २६ वर्षं ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्या पण नेत्रतज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या माणसाचं, काम करते आहे. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं अशा चौकटीत गेली की नंबर काढायचा, चष्मा द्यायचा आणि बाकी काही दिसलं की "डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. नंतरची वर्षं नेत्रतज्ज्ञांच्या बरोबरीनं, लेखी ठरवलेल्या नियमांत राहून औषधं देण्यात आणि काचबिंदूचं फॉलोअप बघण्यात गेली. त्यामुळे कुंपणाच्या दोन्ही बाजू बघून झाल्या आहेत.

पहिल्या काळातला एक पेशंट अजून आठवतो. ग्राइंडरवर काम करणारा माणूस, कालपासून डोळ्यात काहीतरी खुपतंय म्हणून आला. पापणीखाली कचरा असेल असं त्याला वाटत होतं. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघितलं तर बुबुळावर, घड्याळात चार वाजतात त्या जागी, खसखशीहून बारीक लोखंडाचा कण रुतलेला आणि त्याभोवती तांबूस कडं धरायला लागलेलं. बधिर करायचा थेंब, बारीक सुई, स्थिर हात. पाच मिनिटांचं काम. मी ते शिकले होते, करायची परवानगी नव्हती. चिठ्ठी देऊन पाठवलं. तो पोहोचला तोवर ओपीडी संपली होती. दुसऱ्या दिवशी रांगेत नंबर लागला नाही. तिसऱ्या दिवशी कण निघाला, पण गंज आत उतरला होता, म्हणून तो खरवडायला पुन्हा एकदा बोलावलं. महिन्याभरानं माझ्याकडे आला तेव्हा चार वाजताच्या जागी पुसट पांढरा डाग राहिला होता. मधोमध नव्हता, हे त्याचं नशीब.

पाच मिनिटांच्या कामाला चार हेलपाटे, चार दिवसांची मजुरी बुडाली आणि कायमचा एक डाग. सेवा लोकांपर्यंत पोहोचत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच म्हणत असतो. डोळा बघायला माणूस होता, यंत्र होतं, निदानही बरोबर झालं. पुढचं पाऊल टाकायची मुभा तेवढी नव्हती. म्हणून अधिकार वाढवायचा प्रश्न आला की मी एकच माप लावते: या अधिकारानं किती हेलपाटे वाचतील, आणि चुकलं तर काय जाईल?

आता जरा मोठं चित्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यातल्या किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय व्हायचा आहे. या १०० कोटींत सगळ्यात मोठा गठ्ठा कोणाचा? चाळिशीचा चष्मा न मिळालेल्यांचा. सुमारे ८२ कोटी. त्यानंतर दूरच्या नंबरचा चष्मा नसलेले आणि मोतीबिंदूवाले. म्हणजे चष्मा ज्याला खालच्या दर्जाचं काम समजलं जातं, तेच जगातलं सगळ्यात मोठं राहून गेलेलं काम आहे. औषधाचे अधिकार मिळाले की हे काम आपल्या शानला शोभणार नाही असं वाटणारे सहकारी मी पाहिले आहेत. तसं झालं तर अधिकार वाढून सेवा आक्रसेल.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑप्टोमेट्रिस्ट करणार नाही, करूही नये. पण सर्जनचा दिवस कशात जातो ते एकदा त्याच्या ओपीडीत बसून मोजा. मी मोजलं आहे. कोरड्या डोळ्यांची चुरचुर, रांजणवाडी, साधं डोळे येणं, ॲलर्जीची खाज, ऑपरेशननंतरची सगळं ठीक असलेली तपासणी, वर्षानुवर्षं स्थिर असलेला काचबिंदू, आणि नुसता नंबर बदललाय म्हणून आलेली माणसं. ज्याच्यासाठी तो सर्जन झाला ते काम दुपारनंतर सुरू होतं. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेनं २०३० पर्यंतची दोन उद्दिष्टं ठरवली: चष्म्याची परिणामकारक सेवा मिळणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्के अंकांनी वाढवायचं आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेचं ३० टक्के अंकांनी. सर्जनची ओपीडी रिकामी केल्याशिवाय दुसरं उद्दिष्ट गाठायचं कसं, हे मला तरी कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

इतिहासाकडे बघितलं की आजची भांडणं थोडी गमतीशीर वाटतात. अमेरिकेत ऱ्होड आयलंडनं १९७१ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टना तपासणीसाठी थेंब वापरायची परवानगी दिली, म्हणजे बाहुली मोठी करायला आणि डोळा बधिर करायला. त्यावरही रणकंदन झालं होतं. १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं उपचाराच्या औषधांना परवानगी दिली. आज तिथल्या सगळ्या राज्यांत ऑप्टोमेट्रिस्ट औषधं लिहितात. ब्रिटनमध्ये २००८ पासून जादा पात्रता मिळवलेल्या ऑप्टोमेट्रिस्टना स्वतंत्रपणे औषधं लिहिता येतात. बाहुली मोठी न करता डोळ्याचा मागचा पडदा तपासणं म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली बघणं, हे आज कुणी नाकारणार नाही.

औषधांचं खरं दुखणं स्टिरॉइडच्या थेंबांत आहे, आणि इथे नेत्रतज्ज्ञांची भीती पोकळ नाही. एक बाई आल्या. एक डोळा आठवडाभर लाल, पाणी येतंय, उजेड सोसत नाही. कुणीतरी अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब दिले होते. पहिले दोन दिवस बरं वाटलं, मग धूसर दिसायला लागलं. मी फ्लुरोसीन या रंगाची पट्टी लावली, निळा उजेड टाकला आणि बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी हिरवी रेघ उजळली, प्रत्येक फाट्याच्या टोकाला छोटी गाठ. हर्पिस. स्टिरॉइडनं लाली दबली होती आणि विषाणूला मोकळं रान मिळालं होतं. रेघ एका बाजूनं पसरट व्हायला लागली होती, म्हणजे नुसती फांदी राहिली नव्हती. त्याच दिवशी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या, डॉक्टरांना फोन करून पाठवलं.

या गोष्टीचा वापर दोन्ही बाजू करू शकतात. आमच्या बाजूचे म्हणतील, ते थेंब ऑप्टोमेट्रिस्टनं दिले नव्हते. स्लिट लॅम्प नसलेल्या, डोळा रंगवून न बघणाऱ्या कुणीतरी दिले होते. खरं आहे. लाल डोळा घेऊन माणूस जिथे जवळ पडेल तिथे जातो, आणि तिथे बहुतेक वेळा स्लिट लॅम्प नसतो. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला औषधाची मनाई आणि ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला मुभा, हा उलटा न्याय आहे. पण दुसरी बाजूही ऐका. उद्या तुमच्या हातात पेन आलं की संध्याकाळच्या गर्दीत, शेवटच्या पेशंटला, रंग न लावता तेच थेंब लिहायचा मोह तुम्हालाही होणार आहे. शिवाय काही आठवडे स्टिरॉइड घातलं की साधारण एकतृतीयांश लोकांत डोळ्याचा दाब कमीजास्त वाढतो, आणि काही थोड्यांत धोकादायक वाढतो. पेशंटला त्यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून स्टिरॉइड लिहिणाऱ्यानं ते सुरू करण्याआधी दाब मोजायचा आणि पुन्हा बोलावून मोजायचा, ही अट अधिकारपत्रातच हवी, चांगल्या सवयीवर सोडलेली नको. आणि बधिर करायचे थेंब घरी न्यायला कधीही द्यायचे नाहीत. दुखणं थांबतं म्हणून माणूस ते घालत राहतो आणि बुबुळ विरघळत जातं.

काचबिंदूकडे येते, कारण सगळ्यात जास्त हेलपाटे तिथे आहेत. यात बहुधा डोळ्याच्या वाढलेल्या दाबानं दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू खराब होतो. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. एका पेशंटला वीस-तीस वर्षं, वर्षातून दोनदा-तीनदा. दाब, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी), मज्जातंतूचा फोटो किंवा ओसीटी (थरांचं स्कॅन), आधीच्या नोंदींशी तुलना. बहुतेक भेटींचा निष्कर्ष "आहे तसंच चालू ठेवा" एवढाच असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये नव्वदच्या दशकात स्थिर काचबिंदूचे पेशंट चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले: एक गट रुग्णालयात, दुसरा प्रशिक्षण दिलेल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या डोळ्यांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. त्यात "स्थिर" आणि "प्रशिक्षण दिलेल्या" हे दोन शब्द अधोरेखित करा.

याच्या उलट, निर्णयाचा अधिकार न देता नुसती यंत्रं दिली तर काय होतं तेही इंग्लंडनंच दाखवलं. २००९ मध्ये तिथे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यांच्या आधारे २१ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त दाब दिसला की पाठवा असा रिवाज पडला. हवेचा फटका मारून दाब मोजणाऱ्या यंत्रावर २२ दिसले की चिठ्ठी. रुग्णालयं ओसंडून गेली. खरा काचबिंदूवाला आणि नुसता पापण्या आवळून बसलेला माणूस एकाच रांगेत. त्यावर तोडगा निघाला तो असा, की ऑप्टोमेट्रिस्टनं दुसऱ्या दिवशी गोल्डमन टोनोमीटरनं, म्हणजे डोळ्याला टेकवून जास्त अचूक मोजणाऱ्या यंत्रानं, दाब पुन्हा मोजायचा, आणि तरीही जास्त असेल तरच पाठवायचं. नुसत्या या फेरतपासणीनं कितीतरी लोक रांगेतून बाहेर पडले. २०१७ मध्ये ती मर्यादाही २४ वर नेली. "संशय आला की पाठव" एवढाच अधिकार ज्याला असतो तो माणूस घंटा होतो. वाजतो खूप, कामाचं सांगत नाही.

मधुमेहाचं उदाहरण आणखी वेगळं आहे. इंग्लंडनं २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे दरवर्षी फोटो काढायची देशव्यापी व्यवस्था उभी केली. फोटो काढणारे आणि वाचणारे बहुतेक जण डॉक्टर नव्हते. प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि ग्रेडर होते. २००९-१० च्या नोंदींत काम करण्याच्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह राहिला नव्हता. किमान पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. मधुमेहाच्या उपचारांतल्या सुधारणेचाही त्यात वाटा आहे, पण वेळेत सापडण्याचा वाटा मोठा मानला जातो. त्यासाठी कुणालाही लेसर करायचा अधिकार द्यावा लागला नाही. यादी, बोलावणं, फोटो, वाचन आणि गरज पडली तर ठरलेल्या मुदतीत डॉक्टर. माझ्या मते डोळ्यांच्या सेवेतली ही सगळ्यात कमी वाखाणली गेलेली गोष्ट आहे.

लेसर. इथे माझं मत माझ्याच व्यवसायातल्या अनेकांना आवडत नाही.

ओक्लाहोमात १९९८ पासून ऑप्टोमेट्रिस्टना ठरावीक लेसर करता येतात. नंतर केंटकी (२०११), लुइझियाना (२०१४) आणि आणखी काही राज्यं त्या वाटेनं गेली. काचबिंदूच्या लेसरला २०१९ नंतर वजन आलं, कारण ब्रिटनमधल्या लाइट या चाचणीत लेसर आधी केलेल्या सुमारे ७४ टक्के पेशंटना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडलेली नव्हती. म्हणजे लेसर जवळ मिळणं हे खरोखर मोलाचं आहे. पण २०१६ मध्ये ओक्लाहोमाच्या विमा नोंदींवरून एक अभ्यास आला. काचबिंदूचं लेसर ऑप्टोमेट्रिस्टनं केलेल्या डोळ्यांपैकी जवळपास ३६ टक्के डोळ्यांना पुन्हा लेसर लागलं. नेत्रतज्ज्ञांच्या बाबतीत हाच आकडा १५ टक्के होता. विरोधकांनी हा आकडा झेंड्यासारखा नाचवला. आमच्या बाजूनं उत्तर आलं की ऑप्टोमेट्रिस्ट डोळ्यातलं पाणी निचरणाऱ्या गोलाकार जागेचं एका वेळी अर्धंच वर्तुळ करतात आणि उरलेलं दुसऱ्या भेटीत, म्हणून दुसरी भेट मोजण्यात येतेच. हे उत्तर वाजवी आहे. विमा नोंदींवरून कौशल्य मोजता येत नाही. पण माझं माप हेलपाट्यांचं आहे ना? मग अर्धं-अर्धं करून दोनदा बोलावलं, तर त्यात पेशंटचं काय वाचलं?

माझी अडचण हातांबद्दल नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागचा पातळ पापुद्रा धूसर होतो, त्याला याग नावाच्या लेसरनं भोक पाडणं शिकायला फार कठीण नाही. ब्रिटनमध्ये काही रुग्णालयांत ऑप्टोमेट्रिस्ट लेसर करतात, पण रुग्णालयाच्या व्यवस्थेत राहून. अडचण गणिताची आहे. यंत्र महागडं, आणि हात चालता राहायला दर महिन्याला पुरेसे पेशंट हवेत. तेवढे पेशंट जिथे असतात तिथे सर्जनही असतो. दूरच्या, तुरळक वस्तीत जिथे कुणीच नाही तिथे यंत्र परवडत नाही आणि वर्षाला पाच-सात लेसर करणाऱ्या हाताकडे मी माझा डोळा देणार नाही. म्हणून लेसर शेवटी, आणि एका आयुष्यात एकदा लागणाऱ्या लेसरच्या आधी वर्षातून तीनदा लागणारं फॉलोअप.

आता तीन आक्षेप, जे मला खरे वाटतात आणि आमची मंडळी ज्यावरून भरभर पुढे जातात.

पहिला, आपलं शिक्षण निरोगी डोळ्यांवर होतं. विद्यार्थिदशेत शेकडो डोळे तपासले, पण त्यात आयरायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, किती पाहिले? पाणी निचरण्याचा अर्धवट बंद झालेला कोन किती वेळा गोनिओस्कोपीनं, म्हणजे त्यासाठीच्या खास भिंगानं, स्वतः पाहिला? नेत्रतज्ज्ञ तीन वर्षं रोज आजारच बघतो. पुस्तकी तास वाढवून हे भरून निघत नाही. आजारी डोळ्यांच्या ओपीडीत, कुणाच्या तरी नजरेखाली, महिने घालवावे लागतात. याची वही ठेवा, काय पाहिलं, काय म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले. माझ्या अशा पहिल्या वहीत "एपिस्क्लेरायटिस" असं लिहून खोडलेलं आणि शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात "स्क्लेरायटिस, दाबून दुखतं का विचारलं?" असं लिहिलेलं अजून आहे. पहिली म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागाची वरवरची सूज, दुसरी खोल आणि गंभीर.

दुसरा, कायदा बदलला म्हणून माणसं हलत नाहीत. ऑप्टोमेट्रिस्टही शेवटी शहराकडेच जातात.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. जिथे ऑप्टोमेट्रिस्टची कमाई फक्त चष्म्याच्या विक्रीतून येते, तिथे लाल डोळ्याला दिलेली वीस मिनिटं म्हणजे तोटा. कागदावर अधिकार आहे, वापरतं कुणी नाही. किंवा त्याहून वाईट, लाल डोळा घेऊन आलेला माणूस चष्मा घेऊन परत जातो. स्कॉटलंडनं २००६ मध्ये सगळ्यांसाठी डोळ्यांची तपासणी सरकारी खर्चानं सुरू केली आणि जादा तपासणीचे पैसे वेगळे दिले. म्हणजे चष्मा विकला नाही तरी तपासणीचा मोबदला मिळतो. अधिकाराची लढाई लढणाऱ्या संघटना मोबदल्याच्या कलमावर तेवढा जोर लावत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

तुमच्यासाठी म्हणून शेवटी एक. कायदा कधी बदलेल ते तुमच्या हातात नाही, पण कुणाला आजच्या आज पाठवायचं हे आजही तुमच्याच हातात आहे. अचानक चमका आणि काळ्या ठिपक्यांचा पाऊस. दुखून लाल झालेला, धूसर, मधली बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजलेला डोळा. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्याचा जेवढा लाल दिसतो त्याच्या कितीतरी पट दुखणारा डोळा. साठीच्या पुढच्या माणसाचं डोकं दुखतंय, चावताना जबडा दुखतो आणि एका डोळ्यानं क्षणभर दिसेनासं झालं. यातला कुणीही समोर आला तर "दाखवून घ्या" असं म्हणायचं नाही. फोन उचलायचा.

आणि चिठ्ठी लिहा ती अशी, की वाचणाऱ्याला तीस सेकंदांत ठरवता यावं. "लाल डोळा, कृपया तपासावे" ही चिठ्ठी नाही. कधीपासून, कोणता डोळा, चष्म्यासह दृष्टी किती, दाब किती आणि कशानं मोजला, रंग लावून काय दिसलं, मला काय वाटतं, किती घाईचं आहे, काय थेंब आधीच पडले आहेत. खाली तुमचा फोन नंबर आणि एक ओळ: "निदान काय झालं ते कळवावे." दहातले सात जण कळवणार नाहीत. उरलेले तीन तुमचे शिक्षक.